इंग्लंडच्या खेड्यातल्या आजी-आजोबांकडून शेतीच्या आणि घरकामाच्या आठवणी कशा लिहून घ्याव्यात

सफोक हा इंग्लंडच्या पूर्वेकडचा भाग, सपाट, गव्हा-बार्लीचा. तिथल्या एका खेड्यात मी अकरा वर्षं राहते आहे. शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या असं ठरवून मी पहिल्या दिवशी विचारलं, "तुमचं लहानपण कसं होतं?" त्या म्हणाल्या, "कष्टाचं होतं, पण आम्ही सुखी होतो." मग चहा झाला. अर्ध्या तासात याच्यापुढे गाडी सरकली नाही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मी दोरीवर कपडे घालत होते. आजींनी कुंपणापलीकडून विचारलं, "आज धुणं?" मी म्हटलं, "मग कधी?" "सोमवारी! धुणं सोमवारीच असतं." "सोमवारीच का?" त्या एका प्रश्नावर आम्ही पाऊण तास कुंपणाशी उभ्या होतो. आदल्या संध्याकाळी पाणी कुणी भरायचं, जाळ कुणी घालायचा, आधी काय उकळायचं, शेवटी काय, सगळं क्रमाने आलं. त्यांचे हात मधेच हवेत कपडा पिळायला लागले.

कष्टाच्या कामाची आठवण "कसं होतं?" या प्रश्नाला दाद देत नाही. "आधी काय केलंत, मग काय केलंत?" असं विचारलं की ती उठून बसते. पुढचं सगळं यावरच उभं आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, खेड्यात घर असलेल्या, शेजारी म्हातारं माणूस असलेल्या मराठी वाचकांसाठी हे लिहिते आहे.

कुणाकडे जायचं

आधी वयाचा हिशेब करा. इंग्लंडच्या शेतातून घोडे मुख्यतः १९५०च्या दशकात गेले. कंबाइन हार्वेस्टर आले, पेंढ्या बांधणारे बाइंडर अडगळीत पडले, खेड्यापाड्यांत वीज पोचली. म्हणजे घोड्यामागे चाललेला, पेंढी हाताने बांधलेला माणूस साधारण १९४० च्या आधी जन्मलेला हवा. अशी माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं या कामात म्हणू नका.

मोठ्या फार्मच्या मालकाकडे धावायची घाई नको. त्याच्या हिशेबवह्या, फोटो, पत्रं कुठे ना कुठे टिकतात. घोडे सांभाळणाऱ्याचं, गायी पिळणाऱ्याचं, चार घरची धुणी करणाऱ्या बाईचं ज्ञान कागदावर कधी आलंच नाही, ते त्यांच्याबरोबर जातं. अशी माणसं चर्चच्या चहाला, गावच्या हॉलमध्ये, बसथांब्यावर भेटतात. आपले बरेच लोक इथे केअर होममध्ये नोकरी करतात, त्यांना तर रोज भेटतात. मात्र ड्यूटीच्या वेळात रेकॉर्डर काढू नका. होमच्या व्यवस्थापकांना आणि घरच्यांना आधी विचारा, आणि सुट्टीच्या दिवशी पाहुणे म्हणून जा.

आपण परके आहोत, आपल्याला कोण काय सांगणार, ही शंका मलाही होती. पण या कामाचा पाया घालणारे जॉर्ज इवर्ट इव्हान्स स्वतः वेल्समधल्या खाणींच्या मुलखातले होते. १९४८ मध्ये ते सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल गावी राहायला आले, कारण त्यांच्या पत्नीला तिथल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी होती. शेजारचे म्हातारे शेतमजूर बोलायचे, ते यांनी मन लावून ऐकलं आणि १९५६ मध्ये त्याचं पुस्तक केलं. परक्याला "हे काय?" असं विचारायची मुभा असते. गावातल्या माणसाला ती नसते, त्याला सगळं माहीत आहे असं धरलेलं असतं.

आणि ज्यांच्या घरी शेती होती त्यांच्याकडे तर मोठी किल्ली आहे. गावातल्या एका आजोबांना मी सांगितलं की माझे वडील बैलांनी नांगरायचे. आजोबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "बैल वळवताना काय ओरडतात?" मी वडिलांचा हाकारा करून दाखवला. मग त्यांनी घोड्याला उजवीकडे वळवायचा त्यांचा शब्द म्हणून दाखवला, "वीश!" त्यानंतर मला प्रश्न विचारावे लागले नाहीत.

हाक मारण्याबद्दल एक सांगते. मराठीत लिहिताना मी आजी-आजोबा म्हणते, पण समोर आडनावाला मिसेस किंवा मिस्टर लावूनच बोलते. या पिढीला तेच बरं वाटतं. "नावाने हाक मार" असं त्यांनी स्वतः म्हटलं की मगच नावावर या.

जाण्याआधी एवढं तयार ठेवा

मापं पाठ असू द्या, नाहीतर बोलण्यातलं वजनच कळत नाही. एकर आपल्या ओळखीचा, चाळीस गुंठ्यांचा. दोन घोड्यांच्या नांगराने दिवसाला एकर व्हावा अशी अपेक्षा असे. नांगराचं तास, म्हणजे एका फेरीत निघणारी चर, नऊ इंची धरलं तर एक एकर नांगरायला अकरा मैल चालावं लागतं, म्हणजे जवळजवळ अठरा किलोमीटर, तेही ओल्या चिकणमातीत, जड बुटांनी. या भागात धान्य कूमने मोजत. एक कूम म्हणजे चार बुशेल. गव्हाचं कूमभर पोतं अठरा स्टोनचं, बार्लीचं सोळा, ओटचं बारा. अठरा स्टोन म्हणजे ११४ किलो. आपल्याकडचं क्विंटलचं पोतं आठवा, त्याहून जड, आणि ते पाठीवर घेऊन कोठाराच्या पायऱ्या चढायच्या. आजोबा "एटीन स्टोन" म्हणून क्षणभर थांबले तर ते का थांबले हे आपल्याला कळलं पाहिजे.

पैशाचं गणित जुनं आहे: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. १५ फेब्रुवारी १९७१ ला ते बदललं.

काही शब्द फसवतात. "कॉर्न" म्हणजे इथे मका नव्हे, गहू, बार्ली, ओट असं कुठलंही धान्य. "डिनर" म्हणजे दुपारचं जेवण आणि "टी" म्हणजे संध्याकाळचं. "बॅकस" असं काही ऐकू आलं तर ते घरामागचं धुण्याचं, सैंपाकाच्या खरकट्या कामाचं पडवीवजा घर. शेतात मधल्या वेळी खायच्या शिदोरीला दर मुलखात वेगळं नाव आहे. फेन्सच्या पाणथळ भागात डॉकी, उत्तरेत बेट, सफोकमध्ये बीव्हर, आणि सुगीत दुपारी चारच्या खाण्याला फोर्सेस. म्हणून तुम्ही शब्द पुरवू नका, तो त्यांच्या तोंडून येऊ द्या. लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडच्या बोलींची मोठी पाहणी केली, ३१३ ठिकाणी, तेराशेहून जास्त प्रश्नांची. त्यातली खुबी हीच होती. प्रश्नात उत्तराचा शब्द घालायचा नाही. वस्तू दाखवायची, खुणेने सांगायची, वर्णन करायचं, आणि "याला तुम्ही काय म्हणता?" एवढंच विचारायचं. आजही याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

वर्षाच्या खुणाही माहीत असाव्यात. २५ मार्चचा लेडी डे आणि २९ सप्टेंबरचा मायकलमस हे खंडाचे, देण्याघेण्याचे, फार्म बदलण्याचे दिवस. यॉर्कशरच्या पूर्व भागात नोव्हेंबरात मार्टिनमसला गड्यांचा बाजार भरे, तरुण पोरं-पोरी वर्षाच्या कराराने कामाला राहत आणि ठरल्याची खूण म्हणून हातावर नाणं ठेवलं जाई. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं हे माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

धुण्यापासून सुरुवात करा

बाईमाणसाशी बोलत असाल तर सोमवारच्या धुण्यापासून सुरू करा. याइतका घट्ट क्रम असलेलं दुसरं काम घरात नव्हतं, त्यामुळे एक पायरी आठवली की पुढची आपोआप येते. खाली आजींनी सांगितलेला क्रम देते, तुमच्याकडे उत्तरं वेगळी येतील.

पहिला प्रश्न पाण्याचा. विहीर, पंप की तळं? घरापासून किती पावलं? आजींच्या घरी रविवारी संध्याकाळी वडील कावडीने पाणी आणून कॉपर भरून ठेवायचे. कॉपर म्हणजे बॅकसच्या कोपऱ्यात विटांच्या ओट्यात बसवलेला मोठा हंडा, खाली जाळ घालायला तोंड. नाव तांब्यावरून, पुढे कित्येक घरांत तो लोखंडीच असायचा. सोमवारी पहाटे पाचला आई जाळ घालायची. सरपण काय होतं तेही विचारा. वाळकी काटेरी झुडपं, जुने बूट, जळेल ते.

मग साबणाची वडी किसून, धुण्याचा सोडा घालून, आधी पांढरे कपडे उकळायचे. ते निघाले की त्याच पाण्यात रंगीत, आणि अगदी शेवटी शेतातले मळके. उकळते कपडे काढायला एक काठी असे, वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्यात बुडून ती पांढरीफटक आणि कापसासारखी मऊ झालेली. मग डॉलीचं टब. डॉली म्हणजे दांड्याच्या टोकाला दूध काढायच्या तिवईसारखे पाय असलेलं लाकडी अवजार. ते टबात उभं धरून मनगटाने डावी-उजवीकडे फिरवायचं. "किती वेळ?" असं विचारलं तर आजी म्हणाल्या, "शंभर." त्या वेळ मोजत नव्हत्या, फेरे मोजत होत्या. असे आकडे जपून लिहा.

पुढे खळबळणं, नीळ, खळ आणि मग मँगल. दोन लाकडी रुळांमधून कपडा दाबून पाणी काढायचं यंत्र. शर्टाची बटणं आत दुमडून घालायची, नाहीतर फुटतात. आजी पाच वर्षांच्या असताना बटणं दुमडणं हे त्यांचं काम होतं. लहान मुलांना कोणतं काम असे, हा प्रश्न प्रत्येक कामात विचारा, कारण सांगणारी व्यक्ती तेव्हा लहान होती. तिने डोळ्यांनी बघितलेलं तिथेच आहे.

निळीवरून एक गंमत सांगते. आपल्या घरातली रॉबिन नीळ रेकिट कंपनीची, आणि ही कंपनी इंग्लंडच्या हल बंदरातली. आजींच्या आईच्या फडक्यात बांधलेली निळीची पुडी त्याच कंपनीची. माझ्या आईच्या मोरीत निळीची बाटली असायची हे सांगितल्यावर त्यांना जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. असं काही खरंखुरं सामायिक सापडलं तर जरूर बोला, ओढूनताणून मात्र नको.

सोमवारी जेवायला काय असे तेही विचारायला विसरू नका. उत्तर बहुधा एकच येतं. रविवारी भाजलेल्या मांसातलं उरलेलं गार मांस आणि परतलेले बटाटे-कोबी, कारण सैंपाकाला हात रिकामा नसे. पाऊस असला तर ओले कपडे चुलीभोवती, सगळं घर वाफेने भरलेलं. उरलेल्या साबणाच्या पाण्याने फरशी घासायची. आणि हाच हंडा डिसेंबरात ख्रिसमस पुडिंगं उकडायला.

स्वतः बघितलेलं आणि ऐकलेलं

विटांच्या भट्टीतल्या पावाची गोष्ट मला आजींनी अशा बारकाव्याने सांगितली की मी ती त्यांचीच म्हणून लिहून टाकली. पुढच्या भेटीत विचारलं, "भट्टी पेटवताना तुम्ही कुठे उभ्या असायच्या?" तेव्हा कळलं की त्यांच्या लहानपणी भट्टीत कोळसे आणि कोंबड्यांचं खाद्य ठेवलेलं असे, पाव गाडीवरून यायचा. ही गोष्ट त्यांच्या आजीची. गोष्ट खोटी ठरत नाही, पण ती एक पिढी मागची आहे हे नोंदीत आलंच पाहिजे. "तुम्ही कुठे उभ्या होता?" हा प्रश्न म्हणून मी आता नेहमी विचारते.

ती गोष्ट अशी. आठवड्यातून एकदा भाजायचं. भट्टी म्हणजे भिंतीत विटांचा घुमट, खाली वेगळी चूल नाही. काट्याकुट्यांच्या मोळ्या भट्टीच्या आतच पेटवायच्या. आधी विटा काजळीने काळ्या होतात, मग ताप वाढला की काजळी जळून पांढऱ्या पडतात. पांढऱ्या झाल्या की निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा. मग चिमूटभर पीठ आत फेकायचं. भसकन काळं झालं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर पाव आत. लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने मोठे पाव मागे, छोटे पुढे, दार बंद. पाव निघाल्यावर उरलेल्या उबेत केक किंवा दुधातला भात. आपण तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघतो तेच हे. हे सांगताना आजींनी चिमूट हवेत सोडली आणि डोळे किलकिले केले. पीठ फेकून बघण्यातला तो क्षण त्यांनी आजीकडून हुबेहूब उचलला होता.

म्हणून हातांकडे बघा. रेकॉर्डरला हात दिसत नाहीत. कुणी हाताने काही दाखवलं की मोठ्याने सांगा, "म्हणजे तुम्ही मूठ उजवीकडे वळवताय." हे वाक्य नंतर सोन्याचं ठरतं.

सुगी: वस्तू हातात द्या

शेतात काम केलेल्या माणसाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मी ओंजळभर लांब गव्हाचं काड घेऊन गेले होते. छपराच्या शाकारणीसाठी काही शेतकरी अजून उंच जातीचा गहू लावतात, त्यांच्याकडून मिळालं. आजोबांनी बोलता बोलता ओंजळीचे दोन भाग केले, कणसांखाली एकमेकांत अडकवून पीळ दिला आणि एक लांब बंध झाला. उशी मांडीवर घेऊन तिच्याभोवती तो आवळला, टोकं पिरगाळून आत खोचली. सत्तर वर्षांत त्यांनी हे केलं नव्हतं. बाइंडरच्या काळात हे कशाला लागायचं, असं मी विचारलं. उत्तर मिळालं की बाइंडर शेतात शिरायच्या आधी कडेने एक पट्टा विळ्याच्या मोठ्या पात्याने, साइदने, कापून वाट करावी लागे, नाहीतर घोडे उभं पीक तुडवतात. तेवढ्या पट्ट्यातल्या पेंढ्या हातानेच बांधायच्या. हे प्रश्नावलीत कधी आलं नसतं.

पुढचा क्रम असा विचारत न्या. पेंढ्या उभ्या कशा करायच्या? किती? आपल्या कडब्याच्या बुचाडासारख्याच, पण दोन-दोन एकमेकींना टेकवून, आठ-दहांच्या ओळीत, ओळ उत्तर-दक्षिण, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन लागतं. याला सफोकमध्ये शॉक म्हणतात, उत्तरेत स्टूक, डॉर्सेटकडे हाइल. किती दिवस? ओटच्या पेंढ्यांवर चर्चची घंटा तीनदा वाजली पाहिजे, म्हणजे तीन रविवार. मग गंजी. रचताना मधला भाग सतत उंच ठेवायचा, म्हणजे पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि खाली झुकतात आणि पाऊस बाहेर ओघळतो. मध्य खोल गेला की पाणी आत, मग अख्खी गंजी काळी. गवत ओलं रचलं तर आत तापतं आणि पेटतंसुद्धा, म्हणून लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि अधूनमधून उपसून हाताने चटका बघायचा. मळणी हिवाळ्यात. भाड्याने फिरणारं यंत्र गावोगाव यायचं, सगळ्यात वाईट काम भुसकटाखाली उभं राहायचं, आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून विजारी गुडघ्याखाली सुतळीने बांधायच्या.

हातकापणीच्या काळातलं आता फक्त ऐकीव मिळेल, तरी विचारा. कापणाऱ्यांच्या रांगेचा एक म्होरक्या असे, त्याला इथे लॉर्ड म्हणत. शेतकऱ्याशी सुगीच्या मजुरीची घासाघीस तोच करी, त्याच्या पातीच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. आणि सरव्याबद्दल, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या कणसांबद्दल, तर नक्की विचारा. सरवा वेचणं हा बायका-पोरांचा हक्क असं खेडी मानत आली, पण १७८८ मध्ये सफोकमधल्याच टिमवर्थच्या एका खटल्यात न्यायालयाने असा हक्क कायद्यात नाही असं सांगितलं. तरी वेचणं पुढे शंभराहून जास्त वर्षं चाललं. शेतात शेवटची एक पेंढी उभी असेपर्यंत आत जायचं नाही, ती पेंढी राखणदार, आणि कित्येक गावांत सकाळी चर्चची घंटा वाजली की मगच सुरुवात. वर्षभराच्या पिठाचा मोठा वाटा त्यातून निघे. आपल्या भाषेत या कामाला सुटसुटीत शब्द आहे, तो वापरा.

डुकराचं थोडक्यात. परसात एक डुक्कर, वर्षभराच्या खरकट्यावर पोसलेलं, थंडीत कापायचं आणि खारवून ठेवायचं. खारवण्याचा क्रम, कुठला भाग शेजाऱ्यांना, चरबी कशी कढवायची हे विचारा. लहानपणी लाडाने खाऊ घातलेल्या डुकराचं कापणं बऱ्याच जणांना अजून लागतं, तेव्हा घाई करू नका.

सालं कशी जुळवायची

"कोणत्या साली?" असं विचारू नका, कुणालाच आठवत नाही. खुंट्या द्या. १९४७ चा मोठा बर्फाचा हिवाळा. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री पूर्व किनाऱ्यावर आलेला समुद्राचा पूर. १९५३ पासून पसरलेला सशांचा रोग, मिक्सोमॅटोसिस, त्यानंतर घरात ससा शिजेना. जुलै १९५४ मध्ये संपलेलं रेशन. १९७६ चा दुष्काळ. "घोडे गेले ते पुराच्या आधी की नंतर?" याला लगेच उत्तर येतं. दुसऱ्या महायुद्धात उन्हाळ्यात घड्याळं ग्रिनिचच्या वेळेच्या दोन तास पुढे असत, त्यामुळे सुगी रात्री उशिरापर्यंत उजेडात चाले. तेव्हा लहान असलेल्या प्रत्येकाला उजेडात झोपायला पाठवल्याचं आठवतं. शेतीकामासाठी भरती केलेल्या विमेन्स लँड आर्मीच्या मुली जून १९३९ ते नोव्हेंबर १९५० या काळात होत्या, त्यावरूनही काळ लागतो.

जिथे दुखतं तिथे

बरीच मजूर कुटुंबं फार्मच्या मालकीच्या घरात राहत. नोकरी गेली की घर गेलं. १९७६ च्या कायद्याने त्याला बऱ्यापैकी आळा बसला, त्याआधी वडील आजारी पडले किंवा मालकाशी खटका उडाला की सामान रस्त्यावर यायची भीती कायम. "आम्ही सुखी होतो" या वाक्याखाली हे पुरलेलं असतं. मी तिथे खणत नाही. "ते घर कुणाचं होतं?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. उत्तर कधी त्याच दिवशी येतं, कधी तीन भेटींनंतर. रेकॉर्डर बंद करायला सांगितलं तर ताबडतोब बंद करा, समोर, दिसेल असा.

रेकॉर्डर आणि कागद

साधा हातातला रेकॉर्डर पुरे. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी मांडणी ठेवा, अर्काइव्हवाले तीच मागतात. खोलीतलं टिकटिकणारं घड्याळ बाहेर, टीव्ही बंद. सुरुवातीला तारीख, गाव, दोघांची नावं बोला. तासाभरात उठा, म्हातारं माणूस दमलं तरी सांगत नाही. घरी आल्याबरोबर दोन ठिकाणी प्रती करा. माझं एक अख्खं बोलणं मी प्रत न करता पुसून बसले होते. परत गेले, त्यांनी परत सांगितलंही, पण पहिल्यांदाचा तो जिवंतपणा आला नाही.

परवानगी लेखी घ्या. ब्रिटनमध्ये बोललेल्या शब्दांचा कॉपीराइट बोलणाऱ्याकडे राहतो, तुम्ही रेकॉर्ड केलं म्हणून तो तुमचा होत नाही. कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नाव घालायचं की नाही, मराठीत भाषांतर करणार का, हे सगळं साध्या इंग्रजीत एका पानावर लिहा, वाचून दाखवा आणि सही घ्या. बोलण्यात तिसऱ्याच कुणाबद्दल काही नाजूक आलं तर ते बंद ठेवायची सोय त्यातच करा.

मग कागदाशी ताडून बघा. १९२१ ची जनगणना २०२२ पासून बघायला मिळते. १९३१ ची आगीत गेली आणि १९४१ ला झालीच नाही, म्हणून २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर फार मोलाचं. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये १९४१ ते १९४३ चं नॅशनल फार्म सर्व्हे आहे, पाच एकरांवरच्या प्रत्येक फार्मचं. कोणतं पीक, किती घोडे, पाणी कुठून, वीज आहे का, सगळं त्यात सापडतं. त्यात शेतकऱ्याला अ, ब, क अशी श्रेणीही दिलेली आहे. कुणाच्या वडिलांना क मिळालेला दिसला तर तो कागद जाऊन समोर ठेवू नका. शेरा लिहिणारा थोडा वेळ आला आणि गेला, मुलाने बापाला रोज पहाटे चारला घोड्यांना चारा घालताना बघितलेलं आहे. अवजारं ओळखायची असतील तर रेडिंगचं म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ बघा, १९५१ मध्ये स्थापन झालेलं. नॉरफोकमध्ये ग्रेसनहॉलच्या संग्रहालयात जा. शक्य झालं तर आजी-आजोबांना बरोबर घेऊनच.

लिहून काढताना

आधी इंग्रजीत, त्यांच्याच बोलीत, जसं बोलले तसं उतरवा. व्याकरण सुधारू नका. मराठीत आणताना तीन गोष्टी सांभाळते. आपल्याकडे नेमका शब्द आहे तिथे तो घेते: सरवा, गंजी, तास, पेंढी, शाकारणी. नाही तिथे त्यांचाच शब्द देवनागरीत ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे काम सांगते: कॉपर, डॉली, मँगल. आणि जिथे आपला शब्द जवळचा वाटला तरी चित्र चुकवतो तिथे तो टाळते. बार्नला गोठा म्हटलं की वाचकाला जनावरं दिसतात, बार्नमध्ये तर धान्य आणि मळणी.

शेवटी लिहिलेलं परत न्यायचं. मोठ्या अक्षरात छापून, ओळींत जागा सोडून, बरोबर पेन्सिल. मी धुण्याची पानं आजींना दिली तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेल्या. एका जागी थांबल्या. मी नीळ साबणाबरोबरच कॉपरमध्ये घातली होती. "नाही," त्या म्हणाल्या, "नीळ शेवटच्या पाण्यात. आणि आधी हाताने पाणी ढवळायचं, मग कपडा, नाहीतर पट्टे उठतात." पेन्सिलने त्यांनी ते समासात लिहिलं, थरथरत्या पण वळणदार अक्षरात. तो कागद मी टंकलेल्या प्रतीला टाचून अर्काइव्हकडे दिला.